घराण्यांतील लष्करी पदकें व त्यांचें वाचन

ताम्रपट, शिलालेख व नाणीं हीं इतिहासाचीं साधनें होत, हें आतां कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, नगर, रायगड ह्या भागांतील कित्येक घरांत आणखी एक लेखयुक्त साधन पडून आहे. तें म्हणजे पणजोबा-आजोबांचीं लष्करी पदकें. देवघरांतील डब्यांत, ट्रंकेच्या तळाशीं किंवा तसबिरीच्या चौकटींत तीं आढळतात. घरच्या मंडळींस तीं पूज्य वाटतात. पण तीं काय सांगतात हें बहुधा ठाऊक नसतें. तीं कशीं वाचावीं, एवढेंच प्रस्तुत लेखांत आम्हांस दाखवावयाचें आहे.

(१) पहिल्या महायुद्धाचीं पदकें. हीं बहुधा तीन असतात. पहिला काशाचा तारा. त्यावर ‘१९१४–१५’ हीं वर्षें असतात. १९१५ अखेरपर्यंत जो रणक्षेत्रांत उतरला, त्यास तो मिळे. १९१४ सालीं फ्रान्स-बेल्जमांत लढलेल्यांस मात्र ‘१९१४’ असा निराळा तारा दिला गेला. दुसरें ब्रिटिश युद्धपदक. तें चांदीचें, एका बाजूस पंचम जॉर्जचें मस्तक व दुसऱ्या बाजूस घोडेस्वार. तिसरें विजयपदक; तें पिवळसर काशाचें, वर पंख असलेली विजयदेवता व इंद्रधनुष्यासारखी फीत.

ह्यांवरून कांहीं अनुमानें निश्चित करितां येतात. तारा मुळांतच दिला गेला नसेल, तर तो मनुष्य १९१६ सालीं किंवा त्यानंतर रणांगणावर गेला. युद्धपदक चांदीऐवजीं काशाचें असेल, तर तो बहुधा लढवय्या शिपाई नसून मजूर तुकडींतील अथवा तत्सम अनुचरांपैकीं होता. धातूंतही सरकारनें दर्जाचा भेद राखिला होता. तसेंच विजयपदक एकटें कधींच दिलें जात नसे. म्हणून ज्या घरांत विजयपदक आहे व युद्धपदक नाहीं, तेथें तें पूर्वीं होतें व पुढें गेलें, असें समजावें. तें कोठें गेलें, हें शोधण्यास फार दूर जावयास नको. त्यांत सुमारें एक औंस चांदी असे. दुष्काळांत, लग्नकार्यांत वा कर्जापायीं चांदीचें पदक सोनाराच्या मुशींत गेलें. ताऱ्यास व विजयपदकास मोडीचा भाव नाहीं, म्हणून तीं उरलीं.

(२) कडेवरील लेख. पदकाचें मर्म त्याच्या दर्शनी बाजूवर नाहीं, कडेवर आहे. युद्धपदक व विजयपदक ह्यांच्या कडेस, आणि ताऱ्याच्या पाठीवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नांव व पलटण इंग्रजी अक्षरांत उमटविलेली असते. बापाचें नांव व गांव तेथें नसतें; तें घरच्या आठवणीवरूनच जोडावें लागतें. उलटपक्षीं, घरची आठवणही कडेशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये. पदकें सासुरवाडीकडून येतात, बाजारांतूनही येतात. शिवाय ‘विजयपदक’ व ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ ह्यांचा नामसादृश्यामुळें घोटाळा होण्याचा संभव आहे. पहिलें लाखों लोकांस मिळालें. दुसरा हिंदी शिपायांस १९११ पर्यंत खुलाच नव्हता. तत्पूर्वीं त्यांच्या शौर्याचा मोठा मान म्हणजे कंपनी सरकारनें १८३७ सालीं सुरू केलेलें ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ होय.

(३) पलटणींचे आकडे. कडेवर १०३, ११० किंवा ११७ हा आकडा व मराठा पलटणीचें नांव असेल, तर विशेष लक्ष द्यावें. ह्या तिन्ही पलटणी सहाव्या (पुणें) डिव्हिजनमधून इराकांत गेल्या व कुत-अल-अमारा येथें वेढ्यांत सांपडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो वेढा चालला. अखेर उपासमारीनें फौजेस शरण जावें लागलें. कैदेंत असंख्य शिपाई वाटचालींत, रोगानें व रेल्वेच्या कामावर मेले. तेव्हां १९१४–१५ चा तारा व ह्यांपैकीं एक आकडा एकत्र दिसल्यास ‘आजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहींत’ ह्या घरच्या वाक्यामागें काय असूं शकेल, याचा माग लागतो.

१९२२ सालीं पलटणींची फेररचना झाली. जुनी १०३ वी ही पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, व ११० वी तिसरी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धांत ह्याच दोन बटालियनींच्या वीरांनीं इटलींत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे (तिसरी बटालियन) ह्यांच्या तुकडींतील सर्व जण १० जुलै १९४४ रोजीं मशीनगनच्या माऱ्यानें पडले असतां, ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. गोळ्या भरण्यास अवधि नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून त्यांनीं शेवटच्या दोघां शत्रूंस लोळविलें व स्वतः तेथेंच पडले. त्यांचें पदक त्यांच्या पत्नीस स्वीकारावें लागलें. नगर जिल्ह्यांतील निमजचे शिपाई नामदेव जाधव (पहिली बटालियन) ह्यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं दोघां जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून व सुरुंगांतून वाहून आणिलें, आणि मग एकट्यानें तीन मशीनगन-ठाणीं बंद पाडिलीं. ते १९८४ पर्यंत हयात होते.

(४) हें सर्व कशासाठीं? वरील दोन नांवें इतिहासांत राहिलीं. पण इराकांत जे पडले, त्यांचें काय? १९२९ सालीं उघडलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरिलीं. साध्या हिंदी शिपायांचीं नांवें न कोरितां पलटणवार केवळ त्यांची संख्या दिली. हा अन्याय स्मारकें सांभाळणाऱ्या आयोगानें २०२१ च्या अहवालांत स्वतःच मान्य केला आहे. म्हणजे दगडावर जो केवळ आकडा झाला, त्याचें नांव पदकाच्या कडेवर मात्र पूर्ण उमटलेलें आहे. तें पदक वितळलें, कीं त्या मनुष्याच्या नांवाचा एक लेख कायमचा पुसला गेला.

यास्तव ज्यांच्या घरीं अशीं पदकें असतील, त्यांस आमची विनंती आहे कीं, तीं घासून चकचकीत करूं नयेत. त्यानें कडेचीं अक्षरें झिजतात. कागद व पेन्सिल घेऊन कडेचा ठसा घ्यावा, छायाचित्र काढावें, आणि त्याखालीं शिपायाच्या बापाचें नांव, गांव व घरांतील वृद्धांनीं सांगितलेली हकीकत तारखेसह लिहून ठेवावी. वृद्ध मंडळी फार काळ थांबणार नाहींत.