कुंपणाआडची वाट कोणाची?

दिंडोरी तालुक्याला समुद्र नाही, पण पाणकाठ भरपूर आहे. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड, पुणेगाव, तिसगाव, सगळी धरणं याच टापूत. दुसरीकडे तळेगाव-अक्राळ्यासारखी औद्योगिक क्षेत्रं. कारखान्याचं कुंपण पडलं की शिवारात, नदीवर जाणारी जुनी वाट अडते आणि पारावर कायद्याची चर्चा रंगते. कायदा मात्र पारावरच्यापेक्षा बराच किचकट आहे.

सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य: ‘एमआयडीसीनं जमीन घेतली, म्हणजे आतली वाट गेली.’ हे अर्धंच खरं आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, 1961 च्या कलम 32 खाली संपादित जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन शासनाकडे जाते. त्यामुळे एका शेतकऱ्याचा दुसऱ्याच्या रानातून जायचा खाजगी हक्क तिथे संपू शकतो. गावाच्या सार्वजनिक वाटेचं तसं नाही. ती कोणा खातेदाराची नव्हतीच. महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा शासनाच्या आहेत. त्यांवरचा लोकांचा हक्क संपवायचा तर कलम 21 आहे: जिल्हाधिकाऱ्यांनी आधी जाहीर करायचं, हरकती ऐकायच्या, मगच निर्णय. कुंपणाची तार ओढल्यानं हे काम होत नाही. म्हणून ‘वाट अडली’ म्हणण्याआधी कुठली वाट अडली, हे विचारायला हवं.

ते कळतं गावनकाशावरून. ‘सातबाऱ्यावर नाही, म्हणजे रस्ताच नाही’ हा दुसरा घोळ इथेच सुटतो. दोन गावांना जोडणारी किंवा शिवेवरची गाडीवाट सातबाऱ्यात शोधून उपयोग नाही. ती नकाशात दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायवाट एकेरी तुटक रेषेची, सव्वाआठ फुटांची. भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल काढली की पारावरचे निम्मे वाद तिथल्या तिथे मिटतात. उरलेले निम्मे मिटत नाहीत, कारण ते रस्त्याचे नसतातच, भावकीचे असतात!

‘वीस वर्षं आमची गाडी जातेय, आता कोण अडवतो?’ वीस वर्षांची वहिवाट 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात खरोखर मान्य आहे, फक्त अटींसह. वापर उघड, शांततेत, अखंड आणि हक्कानं झालेला हवा. ‘दादा, जाऊ का?’ म्हणून गेलात, तर तो हक्क नाही, मेहेरबानी. जमीन सरकारी असेल तर मुदत तीस वर्षं. शिवाय ही वर्षं दाव्याआधीच्या दोन वर्षांत संपणारी हवीत; वाट अडवल्यावर तीन वर्षं नुसतं पुढाऱ्यांच्या मागे फिरलात, तर मधली फट अंगाशी येते.

तहसीलदार काहीही करू शकतात, असंही लोक मानतात. महसूल संहितेच्या कलम 143 मधून ते शेतजमीन धारकाला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता ठरवून देऊ शकतात, आणि तो निर्णय न पटल्यास वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. मासेमारीला किंवा पोहायला जाणाऱ्यासाठी हे कलम नाही. शेतीचा नेहमीचा रस्ता कुणी अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम 5 आहे. तिथे मुदत सहा महिन्यांची. गंमत अशी, की शेतकऱ्याला हा रस्ता सर्वांत जवळचा, आणि याच मुदतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं.

राहिला पाणकाठ. ‘धरण सरकारचं, म्हणजे तिथवर जायची वाटही आपली.’ नदी-तलावांचं पात्र आणि भरतीरेषेखालचा समुद्रतळ संहितेच्या कलम 20 मुळे शासनाचे आहेत, हे खरं. पण कोकणात ओहोटीच्या वाळूवर फिरायला कुणाच्याही नारळी-पोफळीच्या वाडीतून जायची मुभा यातून मिळत नाही. करंजवणच्या काठावर जायला कुणाच्या द्राक्षबागेतून किंवा कारखान्याच्या भूखंडातून जायचा हक्कही तसाच आपोआप मिळत नाही. तिथे पुन्हा प्रश्न तोच: नकाशात तुटक रेषा आहे का, आणि असल्यास ती रद्द करणारा आदेश कुठे आहे? भूसंपादनाच्या नोटिशीनंतर हरकत घेताना ती नक्कल जोडली, तर चौकशी अधिकाऱ्याला रेषेवर बोट ठेवून उत्तर द्यावं लागतं.