साचा हरवलेल्या वस्तू

जुन्या मोटारगाडीचे इंजिन दुरुस्त करणे अवघड, की तिच्या दारावरची प्लॅस्टिकची तुटकी मूठ बदलणे अवघड? जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना विचारले, तर ते बहुधा मुठीकडे बोट दाखवतील. इंजिनाचा झिजलेला भाग लेथवर नवा कातून मिळतो. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो. फाटलेली सीट पुन्हा शिवता येते. प्लॅस्टिकचा भाग मात्र ना ठोकता येतो, ना शिवता येतो. असे का होते, हे शोधताना रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान या दोहोंची बरीच उजळणी होते.

उदाहरण म्हणून आपल्या ओळखीची ‘प्रीमियर पद्मिनी’ घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होई. तिची मूळ रचना इटलीतील फियाट ११०० या गाडीची. २००० सालाच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईतील टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. आता उरल्या आहेत त्या मुख्यतः हौसेने किंवा घरची आठवण म्हणून जपलेल्या गाड्या.

अशा गाडीतील मुठी, बटणे, कडेच्या पट्ट्या यांसारखे बरेच भाग पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने भरून तयार होतात. साचा फार महाग असतो. हजारो नग काढले तरच तो परवडतो. उत्पादन थांबले की साच्यालाही काम उरत नाही. लेथवरचा भाग मोजमापे हाती असली की पुन्हा घडवता येतो. साच्यातला भाग साच्यावाचून तसाच घडवता येत नाही.

प्लॅस्टिक म्हातारे कसे होते?

मुलांच्या कंपासपेटीत एक गंमत आपण पाहिली असेल. खोडरबर आणि प्लॅस्टिकची पट्टी बरेच दिवस एकमेकांना लागून राहिली, की रबर पट्टीला चिकटते आणि पट्टीवर खड्डा पडतो. हे रबर बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असते. पाण्याचे कडक पाइपही पीव्हीसीचेच! मग रबर मऊ कसे? त्यात तेलासारखा एक द्रव मिसळलेला असतो. त्याला प्लॅस्टिसायझर म्हणतात. पीव्हीसीच्या लांबलचक रेणुसाखळ्यांच्या मधे त्याचे लहान रेणू शिरतात. त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात. परंतु हे लहान रेणू साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. ते हळूहळू बाहेर पडतात आणि शेजारच्या पट्टीत शिरून तिला मऊ करतात.

गाडीतील रेक्झिनचेही असेच होते. उन्हात तापलेल्या गाडीत प्लॅस्टिसायझरची वाफ होते व समोरच्या काचेच्या आतल्या बाजूस तेलकट थर जमतो. जे काचेवर जमले ते रेक्झिनमधून कमी झाले. रेक्झिन आकसते, कडक होते आणि शेवटी तडकते. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रेणुसाखळ्याच तोडतात.

शोधताना

पहिली वाट जुन्या बाजाराची. मुंबईत चोरबाजारात किंवा कुर्ल्यातील भंगाराच्या दुकानांत धीर धरणाऱ्याला एखादा भाग सापडतो. मात्र तो दुसऱ्या गाडीचा काढलेला असतो. एक गाडी सजते तेव्हा दुसरी उघडी पडते आणि एकूण साठा घटतच जातो.

कधी दुकानदाराकडे न वापरलेला, खोक्यातला भाग मिळतो. तो नवा समजू नये. ऊन लागले नसले तरी खोक्यातही प्लॅस्टिसायझर निघून जातच असतो. भाग चिकट लागतो का, कडेला बारीक तडे आहेत का, हे पाहावे आणि भोकांमधील अंतर व्हर्नियरने मोजावे.

तुटक्या भागावरून साचा

दुसरी वाट म्हणजे तुटक्या भागालाच नमुना करणे. तुकडे जोडून, भेगा भरून, पृष्ठभाग घासून नीट करतात. नमुना मातीत अर्धा रुतवून वरून सिलिकॉन रबराचा द्रव ओततात. तो घट्ट झाला की माती काढून, न चिकटण्यासाठी थर लावून, दुसरी बाजूही तशीच करतात. अशा दोन पाळ्यांच्या साच्यात पॉलियुरेथेनचे रेझीन ओतले की नवा भाग मिळतो. सिलिकॉन इतकी बारीक नक्कल करते की नमुन्यावरचा ओरखडाही पुढच्या प्रत्येक नगावर उमटतो.

मात्र रेझीन घट्ट होताना थोडे आकसते. आकुंचन अर्धा टक्का धरले, तर २०० मिलिमीटरची पट्टी १ मिलिमीटरने आखूड होईल. तिच्यावरून पुन्हा नक्कल केली तर जवळजवळ २ मिलिमीटरने. स्क्रूची भोके जुळणार नाहीत. म्हणून नकलेची नक्कल करू नये आणि नमुन्यापेक्षा गाडीतील भोकांच्या मापावर विश्वास ठेवावा.

उन्हाची परीक्षा

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात केलेली काही मोजमापे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डाचे सरासरी तापमान सुमारे ६९ अंश सेल्सिअस भरले. आता त्रिमितीय छपाईयंत्रावर असे भाग छापून घेता येतात. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंशांना मऊ पडू लागते. हिवाळ्यात बेमालूम बसलेली मूठ मे महिन्यात वाकडी होईल. एबीएस मात्र सुमारे १०५ अंशांपर्यंत टिकते. म्हणून पीएलए माप तपासण्यापुरते वापरावे.

प्रसरणाचाही विचार हवा. तापमान ५० अंशांनी वाढले, तर १ मीटर लांबीची एबीएसची पट्टी सुमारे साडेचार मिलिमीटरने वाढते. पोलादी पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटरने. लांब पट्टीची भोके लांबट ठेवतात ती यासाठीच. तेथे स्क्रू गच्च आवळणारा माणूस पट्टी तडकण्याची तजवीजच करत असतो.

स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट यांसारखे सुरक्षेचे भाग घरी कधीच करू नयेत. रेझीनचे कामही वर्गात नको. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

वर्गासाठी मेण पुरेसे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये एखाद्या गुळगुळीत वस्तूचा ठसा घ्या. प्लास्टर पूर्ण वाळल्यावर त्यावर तेलाचा हात फिरवा आणि शिक्षकांनी स्वतः त्यात वितळलेले मेण ओतावे. मेण थिजताना मधे खळगा पडतो, तो मुलांना दाखवा. मग मूळ वस्तू आणि मेणाची प्रत मुलांना मोजायला सांगा आणि विचारा: प्रत मूळ वस्तूएवढीच यायला हवी असेल, तर साचा केवढा करावा?