सळई कुठे घालावी?

वाचकहो, आता गावोगाव स्लॅबची घरे होत आहेत. माणूस जन्मभराची कमाई घरात घालतो. म्हणून स्लॅबविषयी चार गोष्टी प्रत्येक घरधन्याला ठाऊक असाव्यात, असे आम्हाला वाटते.

आमच्या गावातली हकिगत सांगतो. एका शेतकऱ्याने उसाच्या पैशातून घर बांधले. दारावर तीन फुटांचा छज्जा काढला. सिमेंट चांगले होते. सळईही मोजून आणली होती. पंधरा दिवसांनी टेकू काढले. त्याच संध्याकाळी छज्जा भिंतीजवळ मोडला आणि धाडकन खाली आला. नातवंडं नुकतीच तिथून उठून आत जेवायला गेली होती, म्हणून वाचली.

म्हातारा कपाळाला हात लावून म्हणाला, "गुरुजी, मी तर कशात काही कमी केलं नाही. मग असं का झालं?"

आम्ही पडलेला छज्जा नीट पाहिला. सळया पुरेशा होत्या, पण सगळ्या तळाला होत्या. त्या वरच्या अंगाला हव्या होत्या. कामाच्या दिवशी माणसे त्यांवरून चालली, आणि सळया दबून खाली गेल्या.

आता वर आणि खाली यांत एवढा फरक का? ते पाहू.

खडूची एक कांडी घ्या. दोन्ही टोकांनी दाबा. ती सहज मोडत नाही. तीच वाकवा, चटकन मोडते. काँक्रीटचेही असेच आहे. ते दाब पुष्कळ सोसते, पण ताण सोसत नाही. दाब सोसण्याची जेवढी ताकद, तिच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढीच ताण सोसण्याची. लोखंड मात्र ताण चांगला सोसते. म्हणून दोघांची जोडी जमवतात.

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्स देशात जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. त्याने सिमेंटच्या कुंड्या मजबूत व्हाव्यात म्हणून त्यांत लोखंडी जाळी घातली. १८६७ साली त्याने तिचे पेटंट घेतले. तीच युक्ती पुढे घरे आणि पूल बांधायला कामी आली.

आता घरी एक प्रयोग करा. स्पंजची जुनी चप्पल घ्या. तिला वरून आणि खालून चाकूने थोड्या थोड्या चिरा पाडा. ती दोन विटांवर ठेवा आणि मधोमध दाबा. खालच्या चिरा उघडतील, वरच्या मिटतील. म्हणजे ताण खाली आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबचे असेच होते. म्हणून त्याच्या मधल्या भागात मुख्य सळई खाली घालतात.

आता चपलेचे एक टोक घट्ट धरा आणि दुसरे मोकळे टोक खाली दाबा. या वेळी वरच्या चिरा उघडतील. हाच छज्जा! एका बाजूने धरलेला, दुसरीकडे अधांतरी. त्याला ताण वर असतो, म्हणून सळईही वर हवी. ती भिंतीच्या तुळईत किंवा मागच्या स्लॅबमध्ये चांगली लांबवर गुंतवावी लागते. स्लॅब मधल्या भिंतीवरून किंवा तुळईवरून पलीकडे जातो, तिथेही वरच्या अंगाला सळई लागते.

आता ध्यानात ठेवायच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. वरच्या सळईखाली लोखंडाच्या खुर्च्या ठेवाव्यात, म्हणजे ती दबणार नाही. माणसांना चालायला फळ्या टाकाव्यात. सळईवर पाय देऊ नये.

दुसरी गोष्ट. सळई उघडी पडू देऊ नये. तिच्याभोवती काँक्रीटचे पांघरूण हवे. स्लॅबला सुमारे पाऊण इंच, तुळईला एक इंच, खांबाला दीड इंच आणि पायाला दोन इंच. समुद्राजवळ याहून जास्त लागते. त्यासाठी सिमेंटचे ठोकळे आधी करून सळईखाली ठेवावेत. पांघरूण कमी पडले की ओल आत शिरते. सळई गंजते, गंजून फुगते, आणि काँक्रीटचे पोपडे पडतात.

तिसरी गोष्ट. मालात पाणी बेताचे घालावे. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी असा माल असेल, तर ५० किलोच्या पोत्याला सुमारे ३० लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी घालावे. माल सैल केला की पसरायला सोपा जातो, पण ताकद घटते. पाणी ओतून काम सोपे करू पाहणाऱ्याला तिथेच थांबवावे.

चौथी गोष्ट. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट पाण्याच्या संगतीनेच घट्ट होते. म्हणून स्लॅबवर आळी करून निदान सात दिवस पाणी साठवावे. उन्हाळ्यात निदान दहा दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवस. पोत्यावर सिमेंटचा प्रकार छापलेला असतो. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा तो स्वतः वाचा.

पाचवी गोष्ट. टेकू काढायची घाई करू नये. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला निदान सात दिवस, त्याहून मोठ्याला निदान चौदा दिवस टेकू ठेवावेत. राखमिश्रित सिमेंटला आणखी थांबावे. छज्जाचे टेकू तर मागच्या भिंतीचा भार त्यावर चढल्याशिवाय काढूच नयेत.

सळई किती जाडीची आणि किती अंतरावर, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. शेजाऱ्याच्या घराची नक्कल करू नये. इंजिनिअरकडून नकाशा करून घ्यावा. त्याला विचारावे, "साहेब, वरची सळई कोणती आणि खालची कोणती?" त्यात लाज कसली?

आमच्या त्या शेतकऱ्याने छज्जा पुन्हा केला. या खेपेला काम चालले असता तो स्वतः हातात फूटपट्टी घेऊन उभा राहिला. गवंडी हसला. म्हातारा म्हणाला, "हस बाबा. पण सळई वरच राहू दे. खाली माझी नातवंडं खेळतात."

मंडळी, माल एकदा पडला की आतले काही दिसत नाही. म्हणून आधी पाहा, मग माल टाकू द्या.