उरण जवळ आले, लाभ कोणाचा?

मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचचे वेळापत्रक माणसे ठरवितात. अंतिम निर्णय मात्र समुद्राचा असतो. मोठ्या ओहोटीला मोऱ्याचा गाळ उघडा पडला की लाँच खोळंबते आणि मुंबईतील कचेरीच्या हजेरीपटावर उरणच्या कारकुनाची उशिराची नोंद होते. ‘सर, ओहोटी होती,’ हे विद्यार्थ्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाला प्रथम सबब वाटले. पुढे ते नित्याचे सत्य असल्याचे कळले.

तिन्ही अंगांनी खाडी व समुद्र यांनी वेढलेल्या या भूभागाचे दुरावलेपण 12 जानेवारी 2024 रोजी बव्हंशी संपले. त्या एकाच दिवशी उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे आणि सुमारे 22 किलोमीटर लांबीचा अटल सेतू यांचे उद्घाटन झाले. चाकरमान्यांना हा मोठाच दिलासा होय. परंतु सेतूवर दुचाकीला प्रवेश नाही, आणि आरंभी मोटारीचा एकेरी पथकर 250 रुपये ठेवण्यात आला होता. तेव्हा सामान्य नोकरदाराचा खरा सेतू म्हणजे लोकलच.

आता अर्थशास्त्रातील एक जुने सूत्र आठवावे. सुपीकतेच्या भेदातून जमिनीचा खंड कसा उद्भवतो, हे रिकार्डोने 1817 मध्ये विशद केले. शहरालगतच्या जमिनीला तोच न्याय अंतराच्या भेदाने लागू पडतो. सार्वजनिक पैशातून रूळ पडतात आणि शेजारच्या भूखंडाचा भाव मालकाने बोटही न हलविता वाढतो. भाडेकरू शिक्षकाचा प्रवासातील तास वाचतो खरा; पण वाढीव भाड्याच्या रूपाने त्याची किंमत त्याला घरमालकाला मोजावी लागते.

या वाढीव मूल्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न उरणला नवा नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरातील पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण गमावले. त्या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. विकासाच्या फळात मूळ मालकाचा वाटा असतो, हे त्याने मान्य करविले. परंतु हे तत्त्व सातबाऱ्यापाशी थांबते. ज्याचे शेत म्हणजे खाडी, त्या कोळ्याच्या नावे सातबारा नसतो. भराव आणि बंदर यांमुळे त्याची मासेमारीची जागा आक्रसली, तर त्याने कोणत्या उताऱ्यावर हक्क सांगावा?

म्हणून सार्वजनिक खर्चाने निर्माण झालेल्या या मूल्यवृद्धीचा काही अंश करांद्वारे वसूल करून तो येथेच खर्ची पडला पाहिजे. मोऱ्याचा गाळ नियमित काढणे, मच्छीमारांसाठी जेट्टी बांधणे आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी भाड्याची घरे उभारणे, ही त्यातील पहिली कामे होत. यात दानाचा प्रश्न नाही. समाजाने निर्माण केलेले समाजाला परत करण्याचा आहे.

अंतर कमी करणे हे अभियंत्यांचे काम होते; ते त्यांनी केले. त्या जवळिकीचा हिशेब चोख ठेवणे हे आता आपले काम आहे.