पतपेढीचे हप्ते वेळेवर, तरी ‘सिबिल’ कोरे! घरकर्जाआधी क्रेडिट कार्ड कसे वापराल?

प्लॉट घेऊन झाला, नकाशा काढून झाला, मिस्त्रीशी बोलणेही झाले. बांधकामाच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर अधिकारी पॅन क्रमांक टाकतो आणि स्क्रीनवर स्कोअरच येत नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, तालुका कोणताही असो, पहिल्यांदा बँकेचे मोठे कर्ज मागणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. आयुष्यात कोणाचा रुपया बुडवलेला नसतो, पण ते दाखवणारा कागद नसतो.

कोरे सिबिल म्हणजे काय?

कर्ज आणि कार्डाच्या परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल ही त्यातली सर्वात जुनी, २००० साली सुरू झालेली. त्यामुळे ‘वनस्पती तूप’ म्हणजे ‘डालडा’ तसा पतगुण म्हणजे ‘सिबिल’ हा शब्द रूढ झाला. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या पुढे गेला की बँका सहसा चांगला मानतात. ज्याच्या नावावर कधी कर्ज वा कार्डच नाही, त्याच्या अहवालात उणे १ किंवा ‘एनएच’, म्हणजे इतिहास नाही, असा शेरा दिसतो.

मराठवाड्यात हा शेरा बराच दिसण्याचे कारण आपल्या व्यवहाराच्या पद्धतीत आहे. गरज पडली की आपण आधी पतपेढीकडे जातो, कर्मचारी असेल तर पगारदारांच्या पतसंस्थेकडे, नाहीतर पाहुण्यारावळ्यांकडे. सहकारी पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली चालतात आणि त्यांची नोंद सहसा सिबिलपर्यंत पोहोचत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने दहा वर्षे पगारातून हप्ते कापू दिले असतील, तरी सिबिलच्या लेखी तो नवखाच. उलट मोबाइल हप्त्यावर घेतला आणि दोन हप्ते बाउन्स झाले, तर तेवढेच नेमके नोंदवले जाते!

स्कोअर नाही म्हणून कर्ज नाकारता येते का?

रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या मुख्य निर्देशांत सांगितले आहे, की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही म्हणून फेटाळू नये. किमान अमुक स्कोअर हवाच, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेतही स्पष्ट केले. म्हणजे कोऱ्या सिबिलवर बँकेने थेट दार लावणे चुकीचे आहे आणि तसे झाल्यास लेखी कारण मागावे.

पण नाकारू नये म्हणजे स्वस्तात द्यावे असे नव्हे. अनेक बँका व्याजदर स्कोअरशी जोडतात. समजा २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी आहे. ८.५० टक्के दराने हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये, ९.२५ टक्के दराने सुमारे १८,३१७. फरक महिन्याला हजाराच्या आत, पण पूर्ण मुदतीत २ लाख ३० हजारांवर जातो. तेवढ्यात घराची फरशी आणि दारे-खिडक्या होतात.

इथे एक गल्लत होते. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत, सिबिलची अट घालून शेतकऱ्यांना कर्ज नाकारणाऱ्या बँकांवर कारवाईचा इशारा दिला होता. तो विषय पीककर्जाचा होता. घरकर्जाला तो लागू होत नाही. शिवाय किसान क्रेडिट कार्डाच्या नावात ‘क्रेडिट कार्ड’ असले, तरी ते पीककर्जाचे खाते आहे आणि बँकेचे ते खाते थकले तर घरकर्जाच्या वेळी अहवालात दिसते.

मग कार्ड कुठून आणायचे?

स्कोअर नाही म्हणून कार्ड नाही आणि कार्ड नाही म्हणून स्कोअर नाही, हे चक्र मुदत ठेवीवरच्या कार्डाने तुटते. बँकेत एफडी करायची, तिच्यावर बँक बोजा ठेवते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचे कार्ड देते. उत्पन्नाच्या पुराव्यावर फारसा भर नसतो आणि ठेवीचे व्याज चालूच राहते. मात्र बिल थकवले तर बँक ठेवीतून वसूल करते.

२० हजारांची ठेव आणि ९० टक्के मर्यादा धरली तर कार्ड मिळाले १८ हजारांचे. जाणकार सांगतात, की मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा. म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये. गॅस सिलिंडर, पेट्रोल, रिचार्ज आणि थोडा किराणा एवढ्यातच हे भरते. ३० टक्के हा काही कायदा नाही, पण मर्यादा सतत काठोकाठ वापरणारा माणूस पैशांच्या ओढाताणीत आहे, असा अर्थ स्कोअरचे गणित काढते.

औंढ्यात वा सेनगावात कार्ड घासायचे मशीन सगळ्या दुकानांत नसते, क्यूआर कोड मात्र पानटपरीवरही आहे. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे ही अडचण बरीच सुटली. त्यातून फक्त दुकानदाराला पैसे देता येतात, मित्राच्या खात्यावर पाठवता येत नाहीत. एटीएममधून मात्र कार्डावर रोकड कधीच काढू नये. तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क.

सापळा कुठे आहे?

बिलावर ‘किमान देय रक्कम’ लिहिलेली असते, तिथे. समजा बिल २० हजारांचे आले आणि किमान रक्कम म्हणून एक हजार भरले. उरलेल्या १९ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे ७८५ रुपये. म्हणजे भरलेल्या हजारातून मूळ देणे कमी झाले ते जेमतेम २१५ रुपयांनी. वरून नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. वर्षाचा दर ४० टक्क्यांच्या पुढे. एवढे व्याज खासगी सावकाराने लावले तर आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो.

शेतीवर चालणाऱ्या घरांनी तर कार्डाचा आणखी वेगळा विचार करायला हवा. कार्डाचे बिल दर महिन्याला येते, सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास आणि हळदीचे उकळून, वाळवून, मोंढ्यात नेल्यावर उन्हाळ्यात. जूनमध्ये बियाणे-खत कार्डावर घेतले तर पीक हाती येईपर्यंत चार-पाच बिले येऊन जातात. त्यासाठी पीककर्जच बरे. वेळेत फेडल्यास तीन लाखांपर्यंत व्याज चार टक्क्यांवर येते. कार्ड वापरायचेच तर दूध, पगार, दुकान अशा दरमहा येणाऱ्या पैशाच्या मापातच वापरावे.

एखाद्या महिन्यात विसर पडलाच तर घाबरू नका. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच बँक ते खाते थकीत म्हणून कळवू शकते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरीही पूर्ण बिलासाठी ‘ऑटो पे’ लावून ठेवणे उत्तम. ते लावताना पर्याय ‘किमान’ नव्हे, ‘पूर्ण रक्कम’ निवडला आहे ना, ते पाहा.

किती आधी सुरुवात करावी?

सहा महिन्यांच्या व्यवहारानंतर स्कोअर दिसू लागतो, पण घरकर्जासाठी दीड-दोन वर्षांचा सरळ इतिहास असला तर बोलणी सोपी जातात. अहवालात मागच्या ३६ महिन्यांची परतफेड महिनावार दिसते. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत नवे कार्ड, हप्त्यावरचा टीव्ही, मोबाइल अ‍ॅपवरचे झटपट कर्ज टाळा. प्रत्येक अर्जागणिक चौकशीची नोंद पडते. जुने कार्डही तेव्हा बंद करू नका.

जामीनकीचे काय, हा आपल्याकडचा खास प्रश्न. भाऊबंदाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला सही केली असेल तर ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसू शकते आणि त्याचे हप्ते थकले तर तुमचा स्कोअर घसरतो. कार्ड कितीही नीट वापरले तरी हे भोक बुजत नाही. तसेच प्लॉट एनए नसेल किंवा गुंठेवारीचा असेल, तर ८०० स्कोअर असूनही बँकेचा वकील कागद परत करू शकतो. शिवाय ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देऊ शकते, बाकीची सोय स्वतःच करावी लागते.

नोंद चुकली तर?

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. कर्ज फिटूनही खाते चालू दिसत असेल किंवा तडजोडीने मिटवल्याचा ‘सेटल्ड’ शेरा असेल, तर बँकेचा बेबाकी दाखला जोडून बँक आणि कंपनी या दोन्हींकडे लेखी तक्रार करा. चुकीची नोंद ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्याही तिच्या कक्षेत आहेत. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा, भरपाईचे दिवस तिथूनच मोजले जातात.