मुदत लांबल्याची नोटीस

आयर्लंडमधील डून लेरीच्या बंदराचे काम १८१७ साली सुरू झाले आणि ते पुरे झाल्याचे १८४२ साली मानले गेले. जवळच्या डॉकी येथील खाणीतून आणलेल्या ग्रॅनाइटचे हे दोन विशाल धक्के बांधताना सारा काळ समुद्राशी झगडण्यातच गेला असे मात्र नव्हे. धक्क्यांची टोके कशी संपवावीत आणि बंदराचे मुख किती रुंद ठेवावे, याचा निर्णयच वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिला. काम लांबले की मक्तेदार आळशी असला पाहिजे, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती कित्येकदा अन्यायाची ठरते, कारण दिरंगाईचे मूळ पुष्कळदा काम करवून घेणाऱ्याच्याच दफ्तरात असते. आणि म्हणूनच विलंब कोणत्या कारणाने, कोणत्या दिवशी सुरू झाला हे तत्काळ लेखी नोंदवणाऱ्या नोटिशीला बांधकामाच्या व्यवहारात असाधारण महत्त्व आहे.

त्याच गावात, पूर्वेचा धक्का आणि सँडीकोव्ह यांच्या दरम्यान, १८४३ सालापासूनची समुद्रस्नानगृहे आहेत. ती १९९७ साली बंद पडली, जीर्णोद्धाराला २०१८ साली आरंभ झाला, आणि लोकांना ती जागा खुली झाली २०२२ च्या डिसेंबरात. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून करावयाचे किनाऱ्यावरचे काम मुळातच बिकट. त्यातच २०२० साली साथीमुळे देशातील बहुतेक बांधकामे मार्चअखेरीपासून १८ मेपर्यंत बंद राहिली.

अशा प्रसंगी मक्तेदाराने काय करावे? आयर्लंडमध्ये सरकारी कामांसाठी २००७ पासून जे ठरावीक करारनामे वापरात आहेत, त्यांत मक्तेदाराला मुदतवाढीचा वा नुकसानभरपाईचा दावा करावयाचा असल्यास कारण समजल्यापासून कामाच्या २० दिवसांच्या आत मालकाच्या प्रतिनिधीला नोटीस देणे आवश्यक ठरवले आहे; ती मुदत टळली तर दावा कितीही न्याय्य असला तरी बुडतो. नियम कठोर आहे खरा, परंतु त्यामागे शहाणपण आहे, कारण अडचण वेळीच कळली तर मालकाला आराखडा बदलता येतो किंवा कामाचा क्रम फिरवता येतो. आपल्याकडे महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ निविदेतही अडथळा आल्यापासून ३० दिवसांच्या आत कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करण्याची अट आहे. जबाबदारी एकट्या मक्तेदाराचीच आहे असेही नाही; १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार, ज्या करारात मुदत हाच महत्त्वाचा भाग आहे, तेथे उशिरा झालेले काम मालकाने मुकाट्याने स्वीकारले, तर भरपाई मागण्याचा आपला इरादा त्याच वेळी कळवल्यावाचून ती त्याला पुढे मागता येत नाही.

नोटिशीचा मजकूर कसा असावा? ‘वादळी हवामानामुळे काम लांबत आहे’ एवढे वाक्य निरुपयोगी होय. अमुक तारखेच्या भरतीत तात्पुरता बांध वाहून गेला, त्यामुळे जेट्टीच्या पायाचे काम थांबले, पुढील पोलादी काम त्यावर अवलंबून असल्याने सारी मालिका सरकली, आणि करारातील अमुक कलमान्वये इतक्या दिवसांची मुदतवाढ मागत आहोत, असे कारण, परिणाम आणि मागणी यांची साखळी जिच्यात अखंड आहे तीच नोटीस पुढे लवादासमोर टिकते. छायाचित्रे, हजेरीपत्रके व हवामानाचे दाखले तिच्याबरोबर जोडावेत. आरोपाची भाषा टाळावी. नोटीस हा भांडणाचा प्रारंभ नव्हे, आणि चुकीची कबुलीही नव्हे.

पण विलंबाचा सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर पडतो त्या नागरिकांसाठी या करारनाम्यांत एकही कलम नसते. पोहायला येणाऱ्या वृद्धाने कुंपणावर वाचावे ते ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हे एवढेच! करारातील पक्षाला जे लेखी मिळते ते सामान्य माणसाला का मिळू नये, हे मला कळत नाही. काम कशामुळे अडले, कोणता भाग पुरा झाला, अपेक्षित तारीख कोणती आणि तीही पाळता आली नाही तर पुढचे निवेदन कधी लागेल, ही चार वाक्ये कुंपणावर मोठ्या अक्षरांत, तारीख व जबाबदार अधिकाऱ्याचे पद यांसह लिहावीत, आणि पहिली तारीख चुकण्यापूर्वीच ती तेथे लागलेली असावीत.