लेहला निघालात? दोन दिवस रिकामे बरोबर घ्या

उन्हाळा लागला की आमच्या दवाखान्यात एक वेगळाच रुग्ण येऊ लागतो. त्याला काहीच झालेले नसते. तो आनंदात असतो, त्याच्या हातात एक यादी असते आणि त्याला आठ-दहा दिवसांच्या गोळ्या लिहून हव्या असतात. अमरावतीत पारा ४४ अंशांवर टेकलेला असताना हा गृहस्थ थंड हवेच्या गावाला निघालेला असतो. पूर्वी ही मंडळी सिमला, कुलू-मनाली, दार्जिलिंगला जात. २००९ साली ‘थ्री इडियट्स’ चित्रपटाने पँगाँग सरोवर घरोघरी दाखवले, आणि आता लेह-लडाखला निघालेलेही बरेच भेटतात.

अलीकडेच मोर्शीकडचे एक संत्रा बागायतदार पत्नीसह आले होते. वय बासष्ट, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही, पण औषधपाण्यात चोख. “डॉक्टरसाहेब, थंडीचं समदं भरलं. आता तुमच्या गोया तेवढ्या लिहून द्या,” असे म्हणून त्यांनी यादी पुढे केली. स्वेटर, शाली, माकडटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे, दशम्या, जवसाची चटणी, चिवडा, शिवाय कापराची पुरचुंडी. यादीत काही म्हणून कमी नव्हते. मी विचारले, “लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस काय करणार?” ते म्हणाले, “पोरानं समदं बुक केलं हाये. विमानानं सकाळी उतरलो की दुपारी गाव पाह्यचं, अन् दुसऱ्या दिवशी खारदुंग ला.”

यादीत नेमकी हीच चूक होती. आपण डोंगराची बॅग भरतो ती थंडीसाठी. थंडी दिसते, अंगाला बोचते, म्हणून तिची आठवण राहते. लेहला माणूस आजारी पडतो तो मात्र बहुधा विरळ हवेमुळे, आणि तिच्यासाठी बॅगेत कोणी काही ठेवत नाही.

उंची म्हणजे किती?

आपल्या वऱ्हाडी माणसाचे डोंगराचे माप म्हणजे चिखलदरा. चिखलदऱ्याची उंची सुमारे १,११८ मीटर. सिमला, मनाली, नैनिताल, दार्जिलिंग ही गावे दोन हजार ते बावीसशे मीटरच्या आसपास आहेत. तिथे गरम कपडे आणि घाटात गाडी लागू नये म्हणून एखादी गोळी एवढे बहुतेकांना पुरते. लेह आहे सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन चिखलदरे! केदारनाथही जवळपास तेवढ्याच उंचीवर, ३,५८३ मीटरवर आहे. म्हणून पुढचे बरेचसे केदारनाथच्या यात्रेकरूंनाही लागू आहे.

हवेतले प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे २१ टक्के असते. उंचावर हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायू घटतो. लेहला तो अमरावतीच्या सुमारे दोन-तृतीयांशच मिळतो. याचा पुरावा तुमच्याच बॅगेत सापडेल. इथून नेलेले चिवड्याचे बंद पाकीट लेहला उघडून पाहण्याआधी बघा, ते फुग्यासारखे टम्म फुगलेले असते. तिथे पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते, त्यामुळे साध्या पातेल्यात वरण लवकर शिजत नाही. जी हवा पाकिटाला फुगवते आणि डाळीला शिजू देत नाही, तिच्यात आपली फुप्फुसे पहिल्याच दिवशी कशी रुळणार?

शरीर रुळते, पण त्याला वेळ लागतो. श्वास जलद होतो, रक्तातली क्षारांची व्यवस्था बदलते आणि हळूहळू तांबड्या पेशी वाढतात. दिल्लीहून लेहला विमान साधारण सव्वा-दीड तासात पोचते. शरीराला मात्र दोन-तीन दिवस लागतात.

सैनिकांनी शिकवलेला धडा

हा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. १९६२ च्या चीन युद्धात सखल प्रदेशातल्या जवानांना घाईने हिमालयात न्यावे लागले. गोळी न लागताच तरुण, धडधाकट जवान डोकेदुखी, उलट्या आणि धाप यांनी आडवे होऊ लागले. काहींच्या फुप्फुसांत पाणी भरले, काहींच्या मेंदूला सूज आली. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. या विषयावर जगभर आजही त्याचा दाखला दिला जातो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की हा आजार अशक्तांनाच होतो असे नाही. माझ्या एका रुग्णाचा भाचा, वय तीस, रोज व्यायाम करणारा, मित्रांबरोबर लेहला गेला. डोके दुखत असतानाही ‘आपल्याला काय होते’ म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी वर चढला. रात्री कोरडा खोकला सुरू झाला. मित्रांना वाटले, सर्दी झाली असेल. पहाटे त्याला आडवे झोपता येईना, ओठ निळसर पडले. सुदैवाने कोणीतरी वेळेवर रुग्णालयात नेले, प्राणवायू लावला, आणि पुढे खाली आणल्यावर तो बरा झाला. आणखी चार तास ‘सर्दी’ समजत बसले असते तर हा लेख मी वेगळ्या शब्दांत लिहिला असता.

बॅगेत पहिली वस्तू: दोन रिकामे दिवस

विमानाने लेहला उतरणाऱ्याने पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी. उतरल्यावर खोलीत जावे, पडून राहावे, हळू चालावे, जड सामान स्वतः उचलू नये, हलके जेवावे. पहिल्या दिवशी गरम पाण्याने लांबलचक आंघोळीचीही घाई नको. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य, कारण त्यांनी झोपेतला श्वास मंदावतो. पाणी तहानेप्रमाणे, थोडे जास्तच प्यावे, पण बळेबळे बादलीभर पिऊ नये.

त्यानंतरचा क्रमही महत्त्वाचा आहे. खारदुंग लाची उंची ५,३०० मीटरहून अधिक, तर पलीकडच्या नुब्रा खोऱ्यातली मुक्कामाची गावे लेहपेक्षाही खाली आहेत. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर आहे, म्हणून तिथला मुक्काम शेवटी ठेवावा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये, असा नियम आहे. वेळ असेल तर श्रीनगर, कारगिल, लेह हा रस्ता शरीराला सोयीचा पडतो, कारण श्रीनगर १,६०० मीटरच्या आत आणि कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे. मनालीच्या रस्त्याने जाणाऱ्यांचा मुक्काम कित्येकदा सरचूला पडतो. ती जागा सुमारे ४,३०० मीटरवर आहे, आणि तिथे रात्री फार त्रास होतो.

औषधांची पिशवी

रोजची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा एक आठवडा जास्त घ्या आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग हरवली तर स्वेटर विकत मिळेल, तुमचे इन्शुलिन त्या वेळी मिळेलच असे नाही. इन्शुलिन गोठले की निकामी होते, म्हणून रात्री ते अंगाजवळ ठेवावे. साखर मोजण्याचे यंत्र थंडीत चुकीचे आकडे दाखवू शकते, तेही उबेत ठेवा. उंचीवर गेल्यावर सुरुवातीला रक्तदाब थोडा वाढतो. गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि वाढवूही नका.

डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, जुलाब-उलटीसाठी मीठ-साखरेची पाकिटे, ओठांना लावायला व्हॅसलीन, जखमेची पट्टी. लेहची हवा इतकी कोरडी असते की नाकातून रक्त येऊ शकते. नाकपुडीला आतून किंचित मलम लावले की बरे वाटते.

विरळ हवेच्या त्रासाला प्रतिबंध म्हणून ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) ही गोळी देतात. मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत. पण दुकानातून परस्पर घेऊ नका. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. हिच्यामुळे बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याने घाबरू नये. गोळी घेतली म्हणून दोन दिवसांची विश्रांती मात्र माफ होत नाही.

कापराच्या पुरचुंडीविषयी सगळे विचारतात. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू काही वाढत नाही. लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात, म्हणून मुले बरोबर असतील तर पुरचुंडी देवघरातच राहू द्या. प्राणवायूचे फवाऱ्याचे छोटे डबेही काही मिनिटांतच संपतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नेल्यास हरकत नाही, पण लेहला निरोगी माणसाचाही आकडा पहिल्या दिवशी ९० च्या खाली दिसू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

कपडे

एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम टिपणारा, मधे लोकरीचा, वर वारा अडवणारा. जूनमध्ये दिवसा ऊन चांगले असते आणि रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा थर काढता-घालता आले पाहिजेत. उन्हाची भूल मात्र पडते. दर हजार मीटरला अतिनील किरणे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. हवा गार लागते आणि कातडी भाजून निघते. काळा चष्मा, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन हे चैनीचे सामान समजू नये. बूट आठ दिवस आधी इथेच वापरून मऊ करून घ्या.

वऱ्हाडातल्या माणसाने आणखी एक कागद न्यावा

आपल्या विदर्भात सिकलसेल आहे, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसते. सिकलसेलच्या रुग्णाने लेहसारख्या उंचीवर जाऊ नये. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. वाहकाला इथे सहसा काही होत नाही, परंतु उंचीवर त्याच्या प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली एकाएकी जोराची कळ आली तर ते पोटदुखीचे साधे दुखणे समजू नये. घरात कोणाला सिकलसेल असेल तर निघण्यापूर्वी तपासणी करून घ्या, सरकारी रुग्णालयात ती होते. त्याचप्रमाणे अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, जुना दमा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि तान्ह्या मुलांच्या आईबापांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, तिकीट काढल्यावर नव्हे.

एका कागदावर नाव, वय, रक्तगट, आजार, औषधांची मूळ नावे व मात्रा, ॲलर्जी, सिकलसेलचा निकाल आणि घरचा फोन लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

केव्हा परत फिरायचे?

पहिल्या रात्री थोडे डोके दुखणे, भूक मंदावणे, झोप न लागणे हे पुष्कळांना होते. अशा वेळी नियम एकच: डोके दुखत असताना आणखी वर चढायचे नाही. त्रास वाढला तर खाली उतरायचे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यात फेस किंवा गुलाबी थुंकी, असंबद्ध बोलणे, सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालता न येणे, यांतले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.

बागायतदारांना हे सगळे सांगितले तेव्हा ते गप्पच झाले. मग म्हणाले, “दोन दिवस नुसतं खोलीत पडून राह्यचं, तं मंग एवढ्या दूर काहून जाव जी?” मी म्हटले, “खिडकीतून डोंगर दिसतात. ते पाहा. संत्र्याच्या झाडाला तुम्ही ताण देता, तेव्हा दीड-दोन महिने नुसते पाहतच बसता की नाही?” ते हसले. संध्याकाळी मुलाचा फोन आला. खारदुंग ला दोन दिवस पुढे गेला होता, आणि चिवड्याचे एक पाकीट, फुगते का ते पाहायला, आईने मुद्दाम जास्तीचे घेतले होते.